दारात रांग लागली, आता पुढे काय? रविवारच्या नाश्त्याच्या गर्दीचं गणित



नाश्त्याचं सेंटर टाकणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र असतं. रविवारची सकाळ, साडेनऊची वेळ, आत एकही खुर्ची रिकामी नाही आणि बाहेर वीस-पंचवीस माणसं उभी. मालक त्या गर्दीचा फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो, खाली ‘देवाची कृपा’ असं लिहितो. लोक अंगठे दाखवतात. झालं.

त्या फोटोत एक माणूस मात्र येत नाही. ज्यानं गाडीचा वेग कमी केला, गर्दी पाहिली, बायकोला म्हटलं, “जाऊ दे, पुढे बघू,” आणि निघून गेला, तो. तो गल्ल्यात दिसत नाही, वहीत दिसत नाही, तक्रारसुद्धा करत नाही. फक्त पुन्हा येत नाही.

आज बोलू ह्याच रांगेबद्दल. व्हिडिओत आकडेमोड नीट दाखवता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

कन्हानचंच उदाहरण घेऊ

नागपूरहून कामठी, कामठीहून नदीचा पूल ओलांडला की कन्हान. अंतर वीसेक किलोमीटर. आठवडाभर इथलं गिऱ्हाईक ठरलेलं असतं. वेकोलिच्या खाणीत पाळी करणारे, स्टेशनवर गाडी पकडणारे, शाळा-बँकेतले नोकरदार, ट्रकवाले. रविवारी चेहरे बदलतात. रामटेकला निघालेलं कुटुंब, खिंडसीला फिरायला चाललेली पोरं, पेंचची सकाळची सफारी करून परतणारे. ह्या सगळ्यांना भूक लागते ती साधारण नऊ ते साडेअकराच्या मधेच.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. कामठी-कन्हान बायपास झाल्यापासून जबलपूरच्या दिशेनं जाणाऱ्या गाडीला कन्हान गावात शिरायची गरज उरलेली नाही. पूर्वी रस्ताच गिऱ्हाईक आणून सोडायचा. आता जो वळून आत येतो, तो खास तुमच्या तर्री पोह्यांसाठी येतो. तो दारातूनच परत गेला, तर नुसती एक प्लेट जात नाही. बायपासवरून सरळ निघून जायचं सोडून आत वळायची त्याची सवय जाते.

आता समजा, इथे तुमचं नाश्त्याचं सेंटर आहे. ८ टेबलं, प्रत्येकी ४ खुर्च्या. पुढचे सगळे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या दुकानाचे टाका.

पहिलं काम: रांग नेमकी कुठे अडते ते शोधा

बहुतेक मालक म्हणतात, “सर, जागा कमी पडते. शेजारचा गाळा घेऊ का?” थांबा! भाडं वाढवण्याआधी एका रविवारी बरोबर दहा वाजता दुकानाच्या मधोमध उभे राहा आणि फक्त टेबलांकडे बघा. काय दिसतं?

टेबलावर काहीच नाही, लोक बसून मोबाइल बघतायत. म्हणजे अडचण स्वयंपाकघरात आहे. शेजारचा गाळा घेतलात तर उपाशी बसणारी माणसं वाढतील, बाकी काही नाही.

टेबलावर रिकाम्या प्लेटा आहेत, लोक हात धुऊन बिलाची वाट बघतायत. म्हणजे अडचण गल्ल्यावर आहे.

टेबल रिकामं आहे, पण खरकटं तसंच पडलंय आणि बाहेर माणसं उभी आहेत. म्हणजे अडचण फडक्याची आहे! एक पोरगा कमी पडतोय.

चौघांच्या टेबलावर दोघंच बसलेत. म्हणजे अडचण मांडणीची आहे. दोन-दोन खुर्च्यांची छोटी टेबलं ठेवा, लागली तर जोडा.

रोग एक आणि औषध भलतंच, असं करू नका.

दुसरं काम: चाळीस मिनिटांचा हिशोब मांडा

एक कुटुंब टेबलावर सरासरी किती वेळ बसतं? घड्याळ लावून दहा टेबलं मोजा. समजा ४० मिनिटं आली. ती अशी जातात:

टेबल पुसणं, पाणी ठेवणं: ३ मिनिटं
ऑर्डर घ्यायला कुणी येईपर्यंत: ५ मिनिटं
पदार्थ येईपर्यंत: १० मिनिटं
खाणं आणि चहा: १४ मिनिटं
बिल मागणं, बिल येणं, पैसे देणं: ५ मिनिटं
आवरून उठणं: ३ मिनिटं

बघा, ४० पैकी खाण्याची मिनिटं फक्त १४. बाकी २६ मिनिटं गिऱ्हाईक तुमच्या खुर्चीवर बसून तुमचीच वाट बघतंय.

८ टेबलं आणि ४० मिनिटं, म्हणजे दर ५ मिनिटांनी एक टेबल मोकळं होतं. तासाला १२ कुटुंबं. नऊ ते साडेअकरा ह्या अडीच तासांत ३०.

आता रांगेत उभं असतानाच मेनूकार्ड हातात द्या आणि ऑर्डर लिहून घ्या. टेबलावरची ४ मिनिटं वाचली. टेबल मोकळं होतंय असं दिसताच ऑर्डर आत पाठवा, आणखी २ मिनिटं वाचली. चहाबरोबरच बिल ठेवा आणि पैसे भरायचा क्यूआर कोड प्रत्येक टेबलावर चिकटवा, आणखी २. झाली ३२ मिनिटं. आता तासाला १५ कुटुंबं बसतात, अडीच तासांत ३७. म्हणजे ७ जास्त.

सरासरी बिल २४० रुपये धरलं, तर एका रविवारी १,६८० रुपयांची जास्त विक्री. वर्षाचे ५२ रविवार, म्हणजे ८७,३६० रुपये. ऐकून बरं वाटलं ना? जरा थांबा. विक्री म्हणजे नफा नव्हे. निम्मा पैसा मालाला गेला असं धरा, हातात राहिले ८४० रुपये. रांग सांभाळायला एक माणूस चार तास ठेवला आणि त्याला ४०० रुपये दिले, तर उरले ४४०. पण जी ३० कुटुंबं आधीपासून येत होती, तीही आता कमी वाट बघून, हसत जातात. खरी कमाई तिथे आहे.

आणि एक पथ्य पाळा. खाण्याच्या १४ मिनिटांना हात लावायचा नाही. घास तोंडात असताना प्लेट उचलणं, डोक्यावर येऊन उभं राहणं, “आणखी काही?” असं तिसऱ्यांदा विचारणं, हे आपल्याकडे पाहुण्याला पानावरून उठवण्यासारखं आहे. वेळ तुमच्या कामातला वाचवा, त्याच्या घासातला नको.

तिसरं काम: रविवारचा मेनू छोटा करा

तर्री पोह्यांच्या हातगाडीवर तीस माणसं उभी असली तरी रांग भराभर सरकते, हे नागपुरात सगळ्यांनी पाहिलंय. का सरकते? पोहे कढईत तयार, चण्याची तर्री गंजात उकळती, कांदा चिरलेला, शेव डब्यात, लिंबाच्या फोडी बाजूला. मागितलं की पोहे घ्या, तर्री घाला, वरून कांदा-शेव, दे हातात. अर्ध्या मिनिटाचं काम.

आता डोसा बघा. एका तव्यावर एका वेळी ३ डोसे, ४ मिनिटं लागली, तर तासाला जास्तीत जास्त ४५. त्यात एकानं मसाला, दुसऱ्यानं रवा, तिसऱ्यानं ‘कांदा नको’ म्हटलं की संपलं.

म्हणून रविवारी नऊ ते साडेअकरा फक्त ठरलेले पदार्थ ठेवा. तर्री पोहे, आलूबोंडा, साबुदाणा वडा, इडली आणि चहा. डोसा साडेअकरानंतर. फळ्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहा. पण पोहे एकदाच परातभर करून ठेवू नका, ते कोरडे पडतात. छोट्या छोट्या कढया, पुन्हा पुन्हा. रांग पळवण्याच्या नादात चव गेली, तर पुढच्या महिन्यात रांगच राहणार नाही!

चौथं काम: ‘पाच मिनिटं’ म्हणायची सवय सोडा

“भाऊ, किती टाइम लागन?”
“बस ना दादा, पाचच मिनिटं.”

हा संवाद विदर्भातल्या प्रत्येक दारात ऐकू येतो. सांगणाऱ्याला वाटतं, खरं सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल. पण पाच म्हणून वीस मिनिटं उभं केलेलं गिऱ्हाईक चिडून आत येतं, चिडूनच खातं. मग पोह्यात मीठ बरोबर असलं तरी त्याला ते कमीच लागतं.

खरा वेळ काढणं सोपं आहे. दर ५ मिनिटांनी एक टेबल सुटतं. नवीन कुटुंबाचा नंबर सातवा असेल, तर ७ गुणिले ५, म्हणजे ३५ मिनिटं. तुम्ही सांगा ४०. पस्तिसाव्या मिनिटाला हाक मारली की तोच माणूस म्हणतो, “वा, लवकर झालं!” वेळ तेवढाच लागला, फक्त तुम्ही आधी खरं बोललात. अमेरिकेतले जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये रांगेचा एक नियम गणितानं सिद्ध केला. साध्या भाषेत, रांगेतली माणसं भागिले तासाला आत जाणारी माणसं, बरोबर थांबायचा वेळ. कारखान्यांपासून टेलिफोनपर्यंत तो वापरतात, मग आपल्या पोह्याच्या सेंटरला का नको?

४० मिनिटं ऐकून काही लोक जातील. जाऊ द्या. “पुढच्या वेळी साडेआठला या, लगेच बसवतो,” एवढं हसून सांगा. जो खरं ऐकून गेला, तो परत येतो. जो फसून थांबला, तो येत नाही.

पाचवं काम: वही एक, माणूस एक, नियम एक

डेव्हिड मेस्टर नावाच्या व्यवस्थापनाच्या अभ्यासकानं १९८५ मध्ये वाट बघण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला. जगभरची हॉटेलं आजही त्यावरून शिकतात. त्यातल्या चार गोष्टी आपल्या कामाच्या. रिकामं बसलं की वेळ लांब वाटतो. किती थांबायचं ते माहीत नसलं की लांब वाटतो. का थांबायचं ते कळलं नाही की लांब वाटतो. आणि अन्याय होतोय असं वाटलं की लांब वाटतो.

हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे फार मोठा आहे. मालकाचा मित्र येतो, कुणी पुढारी येतो, “अरे, आपलेच आहेत,” म्हणून त्यांना मागच्या दारानं बसवलं जातं. बाहेर पोराला कडेवर घेऊन उभी असलेली बाई ते बघते. ती काही बोलत नाही. पण तिला सगळं कळतं.

उपाय म्हणजे एक वही. त्यात रकाने पाडा: नंबर, नाव, किती जण, आल्याची वेळ, सांगितलेला वेळ, बसवल्याची वेळ. वही एकाच माणसाच्या हातात, दारातच. मालकाच्या मेहुण्याचं नावसुद्धा त्याच वहीत, त्याच क्रमानं. दोघांचं टेबल सुटलं आणि पुढचं कुटुंब पाच जणांचं असेल, तर मागच्या दोघांना बसवणं बरोबर आहे, पण हा नियम फळ्यावर आधीच लिहिलेला पाहिजे. लिहिलेलं असलं की लोक मानतात. नसलं की तो वशिला वाटतो.

मुंबईत माटुंग्याला जाऊन बघा. कॅफे मद्रास १९४० पासूनचं, आणि रविवारी सकाळी फूटपाथवर ही गर्दी. दारात नाव लिहून घेतात, क्रमानं हाक मारतात. जवळच १९४२ पासूनचं रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, तिथे टोकनचा नंबर चालतो. आठ दशकं रांग टिकवून ठेवलेल्या ह्या जागांनी एवढा साधा नियम सोडलेला नाही, ह्यातच काय ते समजा.

आणि आपल्या विदर्भात तर रांगेची शाळाच आहे, शेगाव. गजानन महाराजांच्या दर्शनाला सणासुदीला तासन्‌तास रांग असते, पण तिथून भांडून आलेला माणूस तुम्हाला सहसा भेटणार नाही. स्वच्छता, पाणी, शिस्त आणि ‘माऊली’ म्हणून बोलणारे सेवेकरी. हात जोडून बोलायला भांडवल लागत नाही. तुमच्या दारातल्या पोराला एवढं जरी शिकवलं, तरी अर्धं काम झालं.

सहावं काम: उभं राहणाऱ्याची सोय

नागपूरकडचं ऊन आपल्याला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये सकाळी दहालाच चटके बसतात. रांगेवर हिरवी जाळी, दहा खुर्च्या, थंड पाण्याचा माठ, हे खर्च एकदाच होतात. म्हातारी माणसं, गरोदर बाई, लहान मूल असेल तर खुर्ची आधी त्यांना.

रांग रस्त्यावर येऊ देऊ नका. ट्रक धावणाऱ्या रस्त्याच्या कडेला लहान मुलं उभी राहणं म्हणजे आगीशी खेळ. गाड्या कुठे लावायच्या ते चुन्याची रेघ मारून दाखवा. उभ्या असलेल्यांना चहा विका, त्यांचा वेळही जातो, तुमची विक्रीही होते.

आणखी एक युक्ती. नागपूरहून निघालेल्यांना सांगा, “कामठीला पोचलात की फोन करा, नाव लिहून ठेवतो.” नाव मात्र त्या क्षणी वहीत जो नंबर असेल त्याच नंबरावर जाईल. हाक मारली तेव्हा हजर नसतील, तर पुढच्या दोघांना आधी बसवायचं. हा नियमही फळ्यावर.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तर्री संपत आली तर रांगेच्या शेवटच्या माणसाला जाऊन सांगा. अर्धा तास उभं करून “संपलं” म्हणणं हा गिऱ्हाइकाचा अपमान आहे. किती प्लेटा उरल्यात ते मोजा आणि जिथे हिशोब संपतो तिथे वही बंद करा.

“सर, रविवारी भाव वाढवू का?”

हा प्रश्न हमखास येतो. गर्दी जास्त आहे, मग दहा रुपये वाढवले तर काय बिघडलं?

नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९९१ मध्ये ह्यावरच एक छोटा लेख लिहिला होता. कॅलिफोर्नियात पालो अल्टो गावी एका हॉटेलपुढे रोज रांग, आणि समोरच्या तशाच हॉटेलात खुर्च्या रिकाम्या. तरी रांगवाला भाव का वाढवत नाही? बेकर यांचं म्हणणं असं की, लोक लोकांना बघून येतात. गर्दी आहे म्हणून गर्दी होते. भाव वाढवून थोडे जरी गेले, तर त्यांना बघून येणारेही जातात आणि गर्दी एकदम ओसरू शकते.

माल महागला तर भाव जरूर वाढवा, पण सातही दिवस सारखा वाढवा. फक्त रविवारी वाढवलात, तर बाहेरच्या माणसाला आपण अडवणूक करतोय असा संदेश जातो.

रोजच्या गिऱ्हाइकाला विसरू नका

आता मुद्द्याची गोष्ट. रविवारी ३७ कुटुंबं आणि २४० रुपयांचं बिल, म्हणजे ८,८८० रुपये. समजा रोज ४० माणसं ३० रुपयांचा नाश्ता करून जातात, तर दिवसाला १,२०० आणि सोमवार ते शनिवार ७,२०० रुपये. दोन्ही आकडे जवळपास आहेत. पण पावसाळ्यात मुसळधार पडला, परीक्षा आल्या, दुसऱ्या कुणी चांगलं सेंटर टाकलं, तर रविवारवाले येणार नाहीत. पाळी संपवून येणारा खाणकामगार तेव्हाही येईल.

तो रविवारीसुद्धा येतो. आणि त्याच्या रोजच्या जागेवर अनोळखी कुटुंब बसलेलं, बाहेर चाळीस मिनिटांची रांग. त्याला तर उभ्या उभ्या एक प्लेट खायची असते, दहा मिनिटांत.

त्याच्यासाठी एक उभा काउंटर काढा. उभ्यानं खा किंवा पार्सल न्या, फक्त पोहे, आलूबोंडा आणि चहा, आधी पैसे, लगेच प्लेट. हा वशिला नाही, कारण तो काउंटर सगळ्यांना खुला आहे. ज्याला बसायचंय तो वहीत नाव लिहील, ज्याला घाई आहे तो इकडे येईल. रामटेकला निघालेले काही जणही पार्सल घेऊन निघतील आणि तुमची रांग आपोआप कमी होईल.

ह्या रविवारचा गृहपाठ

१. दहा टेबलांचा वेळ घड्याळ लावून मोजा आणि वरच्यासारखा तक्ता बनवा.
२. दहा वाजता मधोमध उभे राहून रांग कुठे अडते ते लिहा.
३. शंभर पानी वही आणा, सहा रकाने पाडा, एकाच माणसाच्या हातात द्या.
४. सकाळी नऊ ते साडेअकरा दारासमोरून किती गाड्या हळू होऊन निघून गेल्या, ते कुणाला तरी मोजायला बसवा. हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चारही कामं करायला शंभर रुपयांच्या वर खर्च नाही. शेजारचा गाळा घ्यायचा की नाही, ते चार रविवारांनंतर वही उघडून ठरवा. वहीत आकडे असतील, तर तुम्हाला कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

चला, लागा कामाला. पुढच्या व्हिडिओत भेटू!